बाटलीतलं निर्मळ पाणी

बॅटरी चार्ज करावी तर गुंडप्पानंच, असं अख्ख्या अहमदपुरानं म्हणावं म्हणून मी स्वतः सर्किट बनवलं. बॅटरी भरली की खटका पडणार, लाल दिवा विझून हिरवा लागणार, वीज आपोआप बंद! माणसानं खुशाल झोपावं!

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरचा तो दुष्काळी उन्हाळा. साहेब आले, पाट्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. आमच्या गल्लीची सगळी भिस्त रेवणप्पाकाकांच्या ट्रॅक्टरवर. त्याला टाकी जोडून ते लांबच्या विहिरीवरून प्यायचं पाणी आणत. त्याच ट्रॅक्टरची बॅटरी मी मोठ्या ऐटीत घरी आणली, कोरड्या खणांत बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर ओतलं आणि सर्किट जोडून झोपलो.

सकाळी बघतो तर लाल दिवा तसाच! बॅटरी तापून फसफसतेय!

"भरली का रे?" काका दारात.

"हिरवा लागू द्या की! सर्किट चुकत न्हाई, काका!"

"आरं, तिकडं विहीर उपसायलेत लोकं! आण हिकडं!"

बॅटरी बसवली. ट्रॅक्टर एकदा कण्हला आणि गप्प झाला. सगळी गल्ली ढकलायला लागली. सुरू झाला तेव्हा ऊन डोक्यावर होतं, आणि विहिरीवर पोचलो तेव्हा तळाला नुसता चिखल! रिकामी टाकी खडखडत परत आली.

रडकुंडीला येऊन मी घरी सर्किट उघडून बसलो. समोर माझी आई, कमलम्मा, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करत होती. शेजारी माझी डिस्टिल्ड वॉटरची बाटली!

"अव्वा! ही इथं कशी?"

"ट्रॅक्टरचं गढूळ पाणी लिंगाला कसं घालू? तुझं लई निर्मळ हाय. रोज थोडं घेते."

"मग बाटली रोज भरलेली कशी?"

"तेवढंच हापशाचं घालून ठिवते. देवासाठी झालं तरी फुकट कशाला घ्यावं?"

हापशाचं! जे खारट पाणी गुरंसुद्धा तोंडाला लावत नव्हती, ते मी बॅटरीला पाजलं होतं! त्या खारानं बॅटरी भरलीच नाही, तर खटका पडणार कसा? माझं सर्किट निर्दोष होतं हो! पण सांगू कुणाला? बाहेर गल्ली रिकाम्या घागरी घेऊन माझ्या नावानं शंख करत होती.

घसा पार सुकला. "अव्वा, प्यायला हाय का?"

तिनं माझ्या हातावर पळीभर तीर्थ घातलं. घरात तेवढंच पाणी होतं. मी हात चाटला आणि पुन्हा पुढं केला.

"पुरं!" अव्वानं बाटलीला बूच लावलं. "उद्याच्या पूजेला लागतंय."