शालनआक्का ओरडून वाचतात

शालनआक्का माझ्या छापखान्यात आल्या की लग्नपत्रिका निवडायला बसलेली गिऱ्हाईकं अवघडून बसतात. कारण आक्कांना मजकूर नुसता डोळ्यांनी तपासता येत नाही. त्या दारात जातात, मलकापूरच्या भर रस्त्याकडे तोंड करतात आणि तो ओरडून वाचतात. आणि आक्कांचा मजकूर असतो सॅनिटरी पॅडच्या पाकिटाचा.

"पाळीच्या चार दिवसांत बिनघोर राहा!" अशी गर्जना झाली की नातीची पत्रिका घेऊन बसलेले आजोबा त्यावरच्या गणपतीकडे एकटक बघायला लागतात.

"जो शबुद बाजारात वरडून सांगता येत न्हाई, त्यो छापायचा न्हाई," हा आक्कांचा कायदा. उमेदीची वर्षं कराडच्या बाजारात भाजी विकण्यात गेली, त्यामुळे आवाजाची कमतरता नाही. आता त्या शेजारच्या गावात बारा बायकांचा बचत गट चालवतात आणि पॅड बनवतात. मशीन अडलं की पदर खोचून, पान्हा घेऊन स्वतःच त्याच्याखाली शिरतात.

आक्कांना एक अपत्य आहे, पुण्याला कंपनीत. पण ते मुलगा की मुलगी, हे मला सहा वर्षांत कळलं नव्हतं. आक्का म्हणायच्या, "माजं पोरगं." पोरगं फोन करतं, पोरगं वाळलंय, पोरगं दिवाळीला येत न्हाई. फोनवरसुद्धा "जेवलंस काय?" एवढंच. आमच्या भागात लाडानं असं बोलतात, म्हणून मीही खोलात शिरलो नाही. बायको म्हणायची, मुलगीच असणार, आई इतकी काळजी करते म्हणजे. मी म्हणायचो, मुलगाच, दिवाळीला फिरकत नाही म्हणजे. आमची पैज लागली होती.

गेल्या वर्षी गटाचा फलक मी स्वतःच्या डोक्यानं केला. 'पाळी आली? काळजी नको!' आणि शेजारी मोठा निळा थेंब. जाहिरातीत सगळं निळंच दाखवतात, म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शेतकरी खांद्यावर खोरं टाकून गटाच्या दारात हजर.

"आक्का, कालव्याची पाळी आली म्हणं. कुटल्या चारीला सोडलंय पाणी? आमचा ऊस वाळाय लागलाय."

दुसरं कुणी असतं तर लाजून आत पळालं असतं. आक्कांनी दोघांना बसवलं, चहा दिला आणि कोणती पाळी ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. एकजण सुनेसाठी दोन पाकिटं घेऊन गेला. दुसरा शेवटपर्यंत पाण्याचंच विचारत होता.

तर अशा आक्कांपुढं यंदा नव्या पाकिटाचा प्रश्न आला. गटाला सल्ला द्यायला पुण्याहून एक मॅडम येतात. वय कोवळं, बोलणं मऊ. आक्का आणि गटातल्या बायकांबरोबर त्या माझ्या छापखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "पाकिटावरचं 'खास बायकांसाठी' काढू या. 'पाळी येणाऱ्या व्यक्तींसाठी' लिहू. पाळी येणारं प्रत्येक माणूस स्वतःला बाई समजत नाही. काहीजण पुरुष म्हणून राहतात. बाईचं चित्र आणि गुलाबी रंग बघून ते पाकिटाला हात लावत नाहीत."

आक्का उठल्या, दारात गेल्या. "पाळी येणाऱ्या व्यक्तींसाठी!"

समोरच्या रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. "कोण व्यक्ती आलीया?"

"बगा," आक्का आत येत म्हणाल्या. "व्यक्ती पोलिसाच्या नोटिशीत असत्यात. अनोळखी व्यक्ती! आवं मॅडम, सातबाऱ्यावर माजं नाव लागाय माजी हाडं झिजली. आता कुटं पाकिटावर मोट्या अक्षरात बाई आलीया, ती बी पुसता व्हय? आन जिची पिशवी काढलीया, पाळी बंद हाय, ती कोण मग?"

गटातल्या बायकांनी माना डोलावल्या. खरं सांगतो, मीही मनातून आक्कांच्याच बाजूचा. हे सगळं पुण्याचं खूळ, असं माझं ठाम मत होतं.

"बाईला पुसायचं नाही, आक्का," मॅडम म्हणाल्या. "दाराबाहेर कुणी उभं आहे, त्याला आत घ्यायचंय."

आक्कांनी कापडी पिशवी उचलली आणि चालू लागल्या. मला वाटलं, चिडल्या.

चार दिवसांनी त्या एकट्याच आल्या आणि पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "दादा, पाचसा पाकिटं कोरी द्या. बाईचं चित्र नगं, गुलाबी नगं, कायबी नगं."

"कशाला हो?"

"पोरग्याला पाटवायची. त्येच्या रूमवर समदी पोरंच ऱ्हात्यात. बाईचं चित्र दिसाय नगं म्हणतंय." त्या जरा थांबल्या. "सुवर्णा नाव ठिवलं हुतं मी. आता कंपनीत सूरज म्हणत्यात. पर पाळी काय चुकत न्हाई. दर म्हयन्याला पेपरात गुंडाळून धाडती मी. चोरीचा माल असल्यागत."

मला पैजेची आठवण झाली आणि स्वतःची लाज वाटली.

"गं म्हणलं की त्येला लागतंय," आक्का म्हणाल्या. "रं म्हणाय माजी जीभ वळत न्हाई. म्हणून आपलं पोरगं. मदल्यामदी. सा वर्सं झाली, घरला आलं न्हाई."

मी कोरा कागद ओढला. 'जिला पाळी येते' लिहिलं, तर पोरगं बाहेर. 'ज्याला' लिहिलं, तर अख्खा बचत गट बाहेर. बराच वेळ आम्ही खोडत बसलो. शेवटी जन्मभर छापलेल्या लग्नपत्रिकाच कामाला आल्या.

"आक्का, पत्रिकेत लिहितो तसं मान देऊन लिहू. ज्यांना. मान दिला की बाई काय आन गडी काय, शब्द एकच."

आक्कांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनतीनदा घोळवला. "पर बाई बी ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. मीही हट्ट धरला नाही. गुलाबीच्या जागी हिरवा रंग आला, चित्राच्या जागी झेंडूचं फूल. निळा थेंब मीच नको म्हणालो.

नमुना तयार झाला त्या दिवशी आक्का दारात उभ्या राहिल्या. "बायकांसाठी, आणि ज्यांना ज्यांना पाळी येते त्या सगळ्यांसाठी!"

"हां, आता कळलं!" रसवंतीवाला ओरडला.

आक्कांनी तिथंच उभ्या उभ्या पोरग्याला फोन लावला आणि पाकीट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, घसा साफ केला आणि बाजारातल्या त्याच आवाजात, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं,

"जेवलास काय रं?"