पाणीपट्टीला आबांचा विरोध

ग्रामपंचायतीत विषय वाचून व्हायच्या आधीच आबांचा हात वर जायचा. "आपला इरोध हाय!" एकदा सरपंचांनी सभेसाठी चहा मागवला, तर आबांनी त्यालाही विरोध केला. नंतर दोन कप प्याले.

आबा माझे शेजारी. न्हावऱ्याजवळच्या आमच्या गावात बहात्तरच्या दुष्काळातही त्यांच्या परड्यातली विहीर आटली नव्हती. अख्खं गाव तिथं पाणी भरायचं, तेही फुकट. आबा सकाळीच रहाटाला तेल घालून काठावर बसत. कुणाला जात विचारत नसत. भाजी काय केली, हे मात्र प्रत्येकीला विचारत. "वांगं? परवा बी वांगंच की!" बायका हसत, वैतागत आणि मागाहून वाटीभर कालवण पाठवत. आबांची बायको वारली होती, मुलगा पिंपरीला कारखान्यात होता.

मग नळयोजना आली. घरोघर नळ, आणि घरोघर पाणीपट्टी. पट्टीचं नाव काढताच गाव खवळलं. आबांना तर हुरूपच आला. रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचा मोर्चा त्यांनी पंचायतीवर नेला. "आज पाण्याला पैसं, उद्या वाऱ्याला मागाल!" मीही घसा बसेपर्यंत ओरडलो.

ग्रामसभेत सरपंच शांतपणे म्हणाले, "आबा, इहीर तुमची. नळ न्हाई आला, तर गाव तुमच्याच दारात येणार. यात तुमचा सवारथ न्हाई?"

कुजबुज सुरू झाली. आबा आता घागरीमागं पैसे लावणार, असंही कुणीतरी म्हणालं. आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"हाय," ते म्हणाले. "सवारथ हाय माझा."

आणि खाली बसले. पट्टी मंजूर झाली. त्या दिवशी त्यांचा हात वर गेला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

नळ आले. विहिरीकडे कुणी फिरकेना. आबांनी नळ घेतला नाही. रहाटाला तेल मात्र रोज घालत.

एका संध्याकाळी ते कळशी घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"काय आबा, इरोध संपला?" मी चेष्टेनं विचारलं.

"इहिरीचं पाणी जरा गढूळ झालंय."

विहीर नितळ होती. सकाळीच मी पाहिली होती. माझ्या बायकोनं कळशी नळाखाली ठेवून तोटी पुरती सोडली. आबा पायरीवर टेकले.

"भाजी काय केली?"

"वांगं."

आबा खुदकन हसले. मग पुढं वाकून त्यांनी तोटी जवळजवळ बंदच केली.

"धार बारीक राहू दे, पोरी. मला कुठं घाई हाय?"