मालबाबूंचा न फुटणारा आकडा

आमच्या मलकापुरात दत्तोपंतांच्या घरी गेलं की ते 'या, बसा' म्हणत नसत. आधी हातात खडू देत. ओसरीतल्या काळ्या फळीवर भला मोठा आकडा लिहिलेला: ९९९९१. "याला भाग लावा. बाकी उरता कामा नये." दूधवाली असो, टपालवाला असो, सुटका नाही. सत्यनारायण सांगायला आलेल्या भटानं पोथी काखेत धरून तेरानं भाग लावला. बाकी आठ. पंतांनी टाळी वाजवली, "फुटत नाही हो, फुटत नाही!"

पंत स्टेशनावर मालबाबू होते. हा आकडा त्यांना तिथंच भेटला, मालगाडीच्या मिठाच्या एका डब्यावर. त्याच्यापुढं उभं राहून ते भागाकार करत राहिले आणि गाडी तो डबा सोडून निघून गेली. साहेबाचा खरमरीत कागद आला. पंतांनी त्याच्याच पाठीवर पुढचा भागाकार केला.

"उलटा लिहा," ते सांगत, "१९९९९ होतो, सात लगेच आत शिरतो. सुलट्यात मात्र एक आणि तो स्वतः. तिसऱ्याला दार नाही."

मी मराठी तिसरी शिकलेला. पण पाढे तिसापर्यंत पक्के, अन् हरणं आमच्या घराण्यात नाही. म्हटलं, "पंत, उन्हात बोंड फुटते, तं तुमचा आकडा काऊन नाही फुटनार? नाही फोडला तं मिशी उतरवतो!"

"मिशीला जपा, किसनराव."

तेव्हापासून पेन्शनीतले पंत अन् मी रोज संध्याकाळी ओसरीवर. रोज एक आकडा. ज्याला दुसऱ्या आकड्यानं भाग जातो तो आणायचा नाही, एवढाच त्यांचा कायदा. अकरानं लावला तेव्हा एकच उरला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पंत स्वतः चहा करत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा लांब कलकत्त्याकडे. साखर पुरे म्हणणारं घरात कोणी नव्हतं, म्हणून चहा पाकासारखा. असं करत मी पाचशे तीनवर आलो. तोही हुकला.

दिवाळीला चिखलीहून जावई आले. शाळामास्तर. मी ऐटीत पाचशे तीनचा भागाकार पाटीवर मांडून दाखवला. ते गालात हसले.

"मामा, तीनशे सोळाच्या पुढं काऊन गेले? तीनशे सोळाले तीनशे सोळानं गुणलं की हा आकडा जवळपास सरते. पुढचा एखादा लागू पडला असता, तं त्याचा जोडीदार अलीकडंच सापडला असता. महिनाभर फुकट पाटी घासली तुम्ही!"

अन् हे मुलीसमोर! माझ्या अंगाची लाही झाली. तडक पंतांकडे गेलो. ते पाटी पुसत होते. दोन कप भरून ठेवलेले.

"पंत," उभ्यानंच विचारलं, "तीनशे सोळा गुणिले तीनशे सोळा किती?"

"नव्व्याण्णव हजार आठशे छप्पन्न," मान वर न करता ते म्हणाले. मग त्यांचा हात पाटीवरच थांबला.

म्हणजे ठाऊक होतं. महिनाभर. पंतांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक कप हळूच माझ्या बाजूला सरकवला. थोडा चहा बशीत सांडला.

मी खूप काही सुनावायला आलो होतो.

"पाटी द्या इकडं," मी बसलो. "पाचशे नऊ बाकी आहे. अन् हा फुटतेच, पाहा तुम्ही."