माझं धरण, माझं पाणी, माझी खुर्ची!

स्वतःच्या शेतात, स्वतःच्या खर्चाने, स्वतःचं मातीचं धरण बांधणारा आमच्या घराण्यात मीच पहिला! धरण लहान आहे, मान्य. पण पीक हाती येईपर्यंत पुरेल एवढं पाणी त्यात मावतं. बांधाच्या माथ्यावर मधोमध माती उकरून मी खुर्चीपुरती खोलगट बैठकही केली होती आणि तिच्यात खुर्ची मांडली होती. धरणाच्या मालकाने चहा काय उभ्याने प्यायचा?

डोळ्यांत खुपत होता तो एकच, सांडवा! धरण भरलं की जादा पाणी बाजूच्या या वाटेने निघून जायचं. आणि जायचं कुठे? थेट खालच्या शेतात, माझ्या मेहुण्याकडे! धरण बांधायचं मी आणि फुकटात भिजायचं त्याच्या मक्याने? हा कुठला न्याय?

मी सांडव्यात मातीची पोती रचायला घेतली.

"अहो, सांडवा बुजवू नका. पाणी दुसरीकडून वाट काढेल," बायको म्हणाली.

"भावाचा पुळका आलाय तुला!"

"मला बांधाचा पुळका आलाय!"

मी ऐकतो होय! त्यातच वर डोंगरात पाऊस झाला, ओढा फुगला, पाणी चढू लागलं. मी मुद्दाम मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, आज सांडवा कोरडा कसा?"

"माझं पाणी आहे, माझ्याकडेच राहील!" असं ठणकावून मी चहा आणायला घरात गेलो.

परत येतो तर खुर्ची गायब!

"चोर! चोर!"

"अहो, खुर्ची राहू द्या, बांध बघा!" मागून बायको किंचाळली.

बघतो तर काय, माझ्या बैठकीतून पाणी उसळत होतं आणि मातीची ढेकळं सुटत होती. एवढा लांबलचक बांध मोकळा आहे, पण नाही, या पाण्याला माझीच बैठक सापडली! बांध फुटला तर पाणी गेलं, पीक गेलं, वर्ष गेलं.

तेवढ्यात मेहुणा खालून धावत आला. "दाजी, पोती आहेत का?"

"आहेत."

"कुठे?"

"सांडव्यात."

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनी सांडव्यातली पोती उपसली आणि माझ्या बैठकीत ठोकून बसवली. मी कपबशी सांभाळत सूचना देत होतो, पण या घरात माझं ऐकतो कोण! बांध वाचला. सांडवा मात्र धो धो वाहू लागला आणि मेहुण्याचा मका चिंब झाला. पोती माझी, बैठक माझी, आणि चंगळ त्याची!

दुसऱ्या दिवशी वाहून गेलेली खुर्ची शोधत खाली गेलो. मेहुणा तिच्यावरच बसला होता! सांडव्याकडे बघत, चहा पीत!

"ऊठ! माझी खुर्ची आहे ती!"

तो लगेच उठला. खुर्ची पुसून त्याने पुढे केली. "बसा ना दाजी. तुमचं पाणी इथून फार छान दिसतं."

बसलो. वर बैठकीत पोती आहेत, जाणार कुठे? आणि खरं सांगू? दिसतं छान. फक्त त्याला सांगू नका!