पेंटरकाकांची नियमावली

भर बाजारात, समोरच्या भिंतीला पाठ टेकवून, एक डोळा हाताने झाकून उभे असलेले पेंटरकाका दिसले, की आम्ही दुकानदार गल्ल्यावरून हळूच उठायचो. कारण ते कुणाची तरी पाटी तपासत असायचे आणि आता त्याची अब्रू जाणार असायची.

"पाटी दोन सूत डावीकडं कललीय!" असं ते रस्त्यापलीकडून ओरडायचे. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी. दोन सूत म्हणजे जेमतेम पाव इंच! साडीवाल्या शेठनी एकदा लाल-पिवळी पाटी लावली, वर नटीचं चित्र. काका सरळ आत शिरले आणि म्हणाले, "शेठ, दुकानाची वरात काढायचीय काय?" शेठ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्याशी का, तर काका माझ्या ओट्यावर बसतात म्हणून!

काका मूळचे सिन्नरकडचे. लाकडी फूटपट्टी कॉलरमध्ये मागून खोचलेली आणि तोंडात एकच पालुपद, "अक्षराला श्वास घेऊ दे की रे!" नाशिकच्या मेन रोडलगतच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. एका पाटीला चार दिवस लावायचे. झालं एकदाचं म्हणावं, तर चौथ्या दिवशी एखादं अक्षर रॉकेलने पुसून पुन्हा काढायला बसायचे. मी कितीदा तरी चिडलोय त्यांच्यावर.

दोन हजार सालानंतर गल्लीत फ्लेक्सचा सुळसुळाट झाला. कुणाची पाटी शेजाऱ्याच्या खिडकीवर, कुणाची थेट विजेच्या तारेला टेकलेली. शेवटी आमच्या व्यापारी मंडळाने पाट्यांचे नियम करायचं ठरवलं. मी मंडळाचा चिटणीस. मीच म्हणालो, काकांनाच सांगू.

काका असे कामाला लागले, की विचारू नका. दोन महिने शिडी खांद्यावर घेऊन चाळीस दुकानं मोजली. पाटीची उंची दोन फूट, अक्षर नऊ इंची, अक्षरांमागची जमीन, म्हणजे पाटीचा मूळ रंग, सगळ्यांची गर्द निळी, कडेला चार बोटं मोकळी. बैठकीत त्यांनी वही वाचून दाखवली. एकमताने मंजूर. टाळ्या. काका चक्क लाजले. म्हणाले, "उद्यापास्नं रंग आणाया लागतो."

तेवढ्यात साडीवाले शेठ उठले. "वा! सगळ्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. मग मशीनवरच छापून घेऊ की. आठ दिवसांत चाळीस!"

पुन्हा टाळ्या. ठरावाखाली सही माझी. खोटं कशाला बोलू, लवकर उरकेल म्हणून मलाही बरंच वाटलं होतं.

काकांनी वही मिटली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "माप एकच असलं की मशीनला सोपं जातं."

निळ्या पाट्या लागल्या. काका तपासायला आले नाहीत. महिना झाला, दोन झाले. मला आतून टोचायला लागलं. बाजार बंद असतो त्या दिवशी काकांच्याच हातची माझी उतरवलेली जुनी पाटी रिक्षात घातली आणि पंचवटीतल्या त्यांच्या खोलीवर गेलो. दुपारची जेवणाची वेळ. काका कागदावर चिवडा घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"काका, चुकलं आमचं. तुमचं काम गेलं."

"कामाचं काय एवढं? आडगाव नाक्यावर ट्रकांचे नंबर लिहितो. पोटापुरतं भागतं." मग म्हणाले, "पण मी मनात मोजून ठेवलं होतं रे. चाळीस दुकानं, चार-चार दिवस. पेंटर दारात काम करत असला, की दुपारी शेठच्या डब्यावर त्यालाबी बोलवत्यात. तुझी आई तर वरती घरातच न्यायची, ताट वाढून. म्हटलं, पाच महिने एकट्यानं जेवायचं टळलं."

मला रडूच कोसळलं. पाटी तशीच हातात.

"काका, उद्या घरी जेवायला या."

त्यांचा चेहरा एकदम फुलला. "काय रंगवायचंय?"

"काही नाही. असंच या."

"असंच?" काकांनी चिवड्याचा कागद दुमडला. "नको रे. असंच कसं जायचं कुणाच्या घरी?"