सोमवारचा पेपर

ओवीला घरीच शिकवायचं हे ठरून तीन वर्षं झाली होती, पण तिची परीक्षा घ्यावी की नाही, यावर स्वानंदीचं आणि तिच्या सासऱ्यांचं अजून जमत नव्हतं. दिवाकरआबांची चौतीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात गेलेली, तीही तपासणी खात्यात. मापाचं गेज लावल्याशिवाय त्यांनी एक नट पुढे सोडला नव्हता. नऊ वर्षांची नात कशी सोडतील? स्वानंदीचं म्हणणं, पोरगी रोज डोळ्यांसमोर शिकतेय, तिला बाहेरचं माप कशाला? शेवटी तोड निघाली. देशभरातली मुलं देतात ती चौथीची परीक्षा ओवीने एकदा घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर द्यायची. साठ टक्क्यांच्या खाली आली, तर जूनपासून शाळा.

आबांनी नाव घातलं आणि वेळ मिळाली सोमवारी अकराची. सोमवारी स्वानंदीचं मौन असे, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. अकरा वर्षांत एकही चुकलं नव्हतं. तारीख बदलून मिळेना, तसे आबा ओशाळले. स्वानंदी मात्र सोमेश्वराला बेल वाहून निश्चिंत आली. पेपर ओवी सोडवणार. आपल्याला बोलायचं काय काम?

काम पहिल्याच मिनिटाला निघालं. पडद्यावरून पहारा ठेवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "पालकांनी सांगावं, 'मी मदत करणार नाही.'"

स्वानंदीने मान हलवून हात जोडले.

"तोंडाने सांगा."

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"मुलीला गप्प का करताय?"

"आईचा सोमवार आहे," ओवीने समजावलं.

"बाळा, आज सगळ्यांचाच सोमवार आहे," मॅडम म्हणाल्या, आणि कसलीशी नोंद करून त्यांनी पेपर सुरू केला.

अठरा प्रश्न झरझर सुटले. एकच पालक चालणार होता, म्हणून आबा आतल्या खोलीत शिक्षा झाल्यासारखे बसून होते. इंटरनेट हॉलमध्येच नीट चाले, त्यामुळे ओवीच्या पाठीमागेच बाहेरचं दार. एकोणिसाव्या प्रश्नाला त्या दारात गॅसवाला सोमनाथ उभा राहिला, खांद्यावर सिलिंडर घेऊन. मोबाइलवर आलेला नंबर सांगितल्याशिवाय तो सिलिंडर उतरवेना. मोबाइल तर नियमाप्रमाणे मॅडमच्या नजरेसमोर पालथा. सकाळी वाचलेला नंबर स्वानंदीला पाठ होता. तिने बोटं दाखवली. तीन. एक. चार. दोन. सोमनाथ खात्रीसाठी एकेक आकडा मोठ्याने म्हणत होता.

प्रश्नाला पर्यायही चारच होते.

पडद्यावर अक्षरं उमटली आणि ओवीने ती मोठ्याने वाचली : पेपर रद्द. पालक बोटांनी उत्तरं दाखवत आहेत व एक इसम ती वाचून दाखवत आहे.

आबा बाहेर आले ते परीक्षावाल्यांना फोन लावूनच. फोनवरच्या बाईंना बोलायची संधीच त्यांनी दिली नाही. "नैवेद्याआधी साखरेचा दाणा तोंडात टाकत नाही माझी सून, ती कॉपी पुरवणार? अहो, तुमचं गेजच वाकडं आहे. या घरात परत परीक्षेचं नाव निघणार नाही. पोरगी घरीच शिकेल."

तीन वर्षं वाद घालून जे मिळालं नव्हतं, ते स्वानंदीला एक शब्दही न बोलता मिळालं. तिने देवघराकडे बघून डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर ओवी होती. कागदावर एकोणिसाव्या प्रश्नातले नळ आणि टाकी काढून ती मुसमुसत होती. पेपर रद्द झाल्याचं तिला फारसं काही नव्हतं. टाकी किती वेळात भरते हे कळायच्या आत प्रश्न पुसला गेला होता, आणि पुढचे सहा तर तिने पाहिलेही नव्हते.

ती दुपार स्वानंदीला एरवीच्या सोमवारांपेक्षा जड गेली. दिवा लावून ती आबांपाशी आली आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलली. "आबा, ओवीचं परत नाव घालायचंय. फक्त वार तेवढा बघू."

आबा गडबडले. "अगं, त्या बाईंना मी नाही नाही ते बोलून बसलोय. आता कुठल्या तोंडाने फोन करू?"

"तुम्ही काहीच बोलू नका," स्वानंदी हळूच म्हणाली आणि तिने फोन उचलला. "मी बोलते."