निराधाराच्या घरचा थाट

"आपल्या दारातून आजवर कुणी नाराज होऊन गेलं न्हाई!" असं लिंबाजी छाती ठोकून सांगत असे, आणि ते खरंही होतं. अडचण एवढीच, की या वेळी येणाऱ्या माणसानं घर बघून हळहळायला हवं होतं.

लिंबाजी म्हणजे चाकूरच्या आसपास नावाजलेला विहीर खोदणारा. दुष्काळात विहिरी आटल्या, तशी त्याला जिकडून तिकडून बोलावणी येऊ लागली, आणि अशाच एका विहिरीत दोर तुटून दगड गुडघ्यावर आला. तेव्हापासून उजवा पाय वाकेना. बसलं की उठवेना, उठलं की चालवेना! सरजाबाई एकटीच रोजगार हमीवर खडी फोडू लागली. शेवटी तिनंच नवऱ्याला निराधार योजनेचा अर्ज करायला लावला. अर्ज उस्मानाबादला पोचतो न पोचतो, तोच जिल्हा तुटून लातूर वेगळा झाला! कागद तिकडून इकडं यायला दीड वर्ष गेलं. मग एके दिवशी कोतवालानं वर्दी दिली, "उद्या नवे सर्कल साहेब घर बघाया येणार. काय हाय, काय न्हाई, समदं लिवून नेणार. अनुदान त्येच्यावरच ठरणार!"

"साहेब म्हंजे पाव्हणा," लिंबाजी म्हणाला. "त्येला फाटक्या घोंगडीवर बसवू व्हय?"

"अवो, घोंगडी फाटकी हाय म्हणूनच तर येऊ लागलेत ते!"

"दार आपलं हाय ना? मग इज्जत बी आपलीच!"

सरजाबाईनं कपाळाला हात लावला. पण गल्लीला मात्र हे पटलं. निम्मी गल्ली लिंबाजीनं खोदलेल्या विहिरींचं पाणी प्यायली होती, त्याची मान खाली जाऊन कसं चालेल? व्यंकटरावांनी नवारीचा पलंग धाडला, वर भिंतीवरचं घड्याळ. साखराबाईनं लेकीच्या लग्नातली गादी आणि दोन लोड दिले. नागुबाई स्टीलचे पेले आणि वाटीभर साखर घेऊन आली. महादेवप्पा तर दुभती म्हैसच दारात बांधून गेला! टँकर यायला अजून दोन दिवस होते, तरी गल्लीनं तांब्या तांब्या ओतून साहेबांच्या पाय धुण्यापुरती बादली भरली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात छत्री मिरवत सर्कल हणमंतराव आले. गावाला नवे, कुणाशी ओळख नाही. पाहुण्यासमोर बसून कसं राहायचं, म्हणून लिंबाजी भिंतीला टेकून ताठ उभा! काठी पलंगाखाली सारलेली.

"पाय कसा आहे?" साहेबांनी विचारलं.

"एकदम झकास!"

आता कुणी ख्यालीखुशाली विचारली की माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार! पण साहेबांनी ते लिहून घेतलं. मग पलंग लिहिला, घड्याळ लिहिलं, गादी आणि लोड लिहिले.

"म्हैस तुमचीच?"

"दुभती हाय!" लिंबाजी म्हणाला. खोटं तर तो काही बोलला नव्हता. दाराआड सरजाबाईनं कपाळ बडवून घेतलं.

चहा पिऊन साहेबांनी कागदावर 'नामंजूर' लिहिलं आणि ते उठले. "अहो बाबा, मी दहा वर्षं नोकरी करतोय, पण माझ्या घरी लोड नाहीत. तुमचा अर्ज नामंजूर होणार!"

सगळं मागून आणलेलं आहे, एवढंच सांगायचं होतं. पण ते लिंबाजीच्या तोंडून फुटेना. साहेब गेले तसा तो मटकन खाली बसला. सरजाबाई खडी फोडायचा हातोडा घेऊन निघाली. तिच्या हातावरचे फोड बघून त्याला पहिल्यांदाच स्वतःच्या ताठ्याची लाज वाटली.

साहेब फाट्यावर पोचले. एसटीचा पत्ता नाही, आणि डोकं तापल्यावर आठवलं, छत्री राहिली! ते परत आले, तर घर रिकामं. पलंग नाही, गादी नाही, म्हैस नाही आणि छत्रीही नाही! ज्यानं त्यानं आपापली वस्तू नेताना कुणीतरी छत्रीही उचलली होती.

"चोरी झाली की काय!" साहेब ओरडले, आणि लिंबाजी काठी धरून उठेपर्यंत शोधत निघालेही. व्यंकटरावांच्या घरात डोकावले, तर पलंग तिथं! भिंतीवर तेच घड्याळ, पाच मिनिटं मागं. साखराबाईच्या ओसरीवर गादी आणि लोड. महादेवप्पाच्या गोठ्यात म्हैस ओळख दिल्यासारखी हंबरली. साहेब प्रत्येक दारात कागद काढून एकेक ओळ खोडू लागले. छत्री सापडली नागुबाईकडं, पेल्यांच्या शेजारी.

"आमच्यात दुसऱ्या कुणाकडं छत्री न्हाई, साहेब," ती ओशाळून म्हणाली. "मला वाटलं, व्यंकटरावांची असंल, त्येंला द्याया म्हणून ठेवली!"

तेवढ्यात लिंबाजी काठी टेकत, भिंत धरत, घामाघूम होऊन आला. अर्धी गल्ली चालताना त्याला चार ठिकाणी थांबावं लागलं होतं. मागं गलका ऐकून वाटेतूनच परतलेली सरजाबाई होती. हणमंतराव त्याच्या पायाकडं बघतच राहिले.

"बाबा, मग तुमचं स्वतःचं काय होतं त्यात?"

लिंबाजीनं मान ताठ केली. "चहा, साहेब! चहा घरचा हुता!"

"साखर माझी हुती," नागुबाई म्हणाली.

"अन् दूध आमच्या म्हशीचं," महादेवप्पा म्हणाला.

"पाणी समद्या गल्लीचं," साखराबाई ओसरीवरून ओरडली.

गल्ली हसायला लागली. लिंबाजीनं इकडंतिकडं पाहिलं. "पर चूल तर आमची हाय की न्हाई?"

"ती मात्र तुमची," साहेब म्हणाले. नामंजूरवर त्यांनी आडवी रेघ मारली, शेजारी 'मंजूर करावे' लिहिलं, आणि मालमत्तेच्या रकान्यात खोडलेल्या यादीखाली नोंद केली: चूल, एक.

सरजाबाईनं हातोडा खाली ठेवून डोळे पुसले. लिंबाजी साहेबांच्या खांद्यावरून कागदात वाकून बघत होता.

"साहेब, एक राहिलं," तो म्हणाला. "दोन तोंडाची लिवा!"